सात दिवसांची रजा आणि एका दिवसाचा खंड: कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांना खुलं पत्र

प्रति,
राज्य सरकारी, निमसरकारी, जिल्हा परिषद, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी संघटनांचे पदाधिकारी आणि सर्व कायम सभासद

बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ आस्थापना टेबलावर गेला. नेमणूक, वेतनवाढ, बदली, विभागीय चौकशी, सेवासमाप्ती असे सगळे कागद हाताखालून गेले. हे पत्र खरं तर शासनाला लिहायला हवं. पण शासनाला लिहिलेल्या पत्रावर आवक क्रमांक पडतो आणि ते 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली खाली उतरत शेवटी आपल्यातल्याच कुणाच्या तरी टेबलावर येऊन थांबतं. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते.

मार्च २०२३ चा संप तुम्हाला आठवत असेल. १४ तारखेला सुरू झाला, २० ला मागे घेतला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेली टोपी घालून मीही मंडपात बसले होते. ते सात दिवस पुढे रजेत धरले गेले आणि कुणाच्या सेवेत खंड पडला नाही. पडू नये, असंच माझंही मत होतं आणि आजही आहे.

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आरोग्य विभागात एक डेटा एंट्री ऑपरेटर होती. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी. तिचा नेमणूक आदेश ११ महिने २९ दिवसांचा. त्यानंतर एक दिवसाचा तांत्रिक खंड, म्हणजे सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून कागदावर पाडलेला, मग पुन्हा नवा आदेश, नवा करारनामा आणि नवा स्टॅम्प पेपर, तोही तिच्याच पैशानं. खंडाच्या दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे आडवी रेघ मारायचा रिवाज. एका वर्षी तो दिवस नेमका अहवालाच्या मुदतीच्या दिवशीच आला. पोर्टलचा पासवर्ड तिच्याकडेच. ती सकाळी दहाला आली, सहापर्यंत बसली, अहवाल 'सबमिट' करून गेली. सही मात्र करता येईना, कारण रेघ सकाळीच मारून झाली होती. सात दिवस मंडपात बसून आपली सेवा अखंड राहिली आणि आठ तास काम करून तिची तुटली. आणि हे सगळं नियमाला धरूनच झालं. कुणी कुणावर अन्याय केला, अशी नोंद कुठल्याच फायलीत सापडणार नाही.

सरकारी काम थांबलं किंवा थांबवलं गेलं की त्याची झळ कुणाला किती लागते, याचा त्या माणसाच्या कामाशी फारसा संबंध नसतो. तो कुठल्या प्रकारात मोडतो, त्यावर सगळं ठरतं. कायम, परिविक्षाधीन, रोजंदारी, रूपांतरित, कंत्राटी, बाह्यस्रोत, तासिका तत्त्वावरचा, अंशकालीन, मानसेवी, प्रशिक्षणार्थी. एवढे प्रकार एकाच तालुक्याच्या गावात, एकाच चहाच्या टपरीवर उभे असतात. सगळ्यांना गावातली माणसं 'सरकारी नोकरीवाला' म्हणतात. घरी पाठवायची वेळ आली की मग कोण किती सरकारी ते कळतं.

आधी आपलंच घेऊ. आपल्यातल्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना राज्यघटनेच्या ३११ व्या कलमानं कवच दिलं आहे, बाकीच्यांना आपापल्या सेवा नियमांनी. बडतर्फ करायचं तर दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षी, बचावाची संधी, आणि नंतर अपील. शिस्त व अपिलाचे १९७९ चे नियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असतील, काहींना स्वतःच्याच अनुभवातून. निलंबित झालो तरी पहिले तीन महिने निम्म्या पगाराच्या हिशोबानं निर्वाह भत्ता मिळतो, आणि चौकशी आपली चूक नसताना लांबली तर तो तीन चतुर्थांशापर्यंत जाऊ शकतो. शिक्षकांची संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पदं कमी झाली तर शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. त्याला दुसऱ्या शाळेत समायोजित करतात, कधी दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला. त्रास होतो, मुलांच्या शाळा बदलतात, म्हातारे आईवडील मागे राहतात, हे मी हलकं करत नाही. पण महिन्याच्या पगारावर पाणी पडत नाही.

आता ३१ मार्च २०२० आठवा. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. शासनानं जाहीर केलं की मुख्यमंत्री, मंत्री आणि लोकप्रतिनिधींच्या मार्चच्या वेतनात ६० टक्के कपात, अ आणि ब वर्गाची ५० टक्के, क वर्गाची २५ टक्के, ड वर्गाला कपात नाही. आपण सगळे हादरलो. लगेच खुलासा आला की ही कपात नाही, वेतन दोन टप्प्यांत मिळेल. त्या दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप गटांवर काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलं आहे. मला त्या आदेशातली रचना मात्र आवडली होती. वरच्याला जास्त, खालच्याला कमी, सगळ्यात खालच्याला काहीच नाही. झळ वाटून घ्यायची असेल तर शासनाला ती वाटता येते, हे त्या एका आदेशात दिसलं. फक्त ती वाटणी ड वर्गापाशी येऊन संपली. ड वर्गाच्याही खाली माणसं होती, आणि त्यांचा त्या कागदात उल्लेखच नव्हता.

त्याच महिन्यांत कोविड सेंटरसाठी परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, डेटा ऑपरेटर घेतले गेले. आदेश थोड्या थोड्या महिन्यांचे. लाट ओसरली की कमी, पुढची आली की पुन्हा बोलावणं. शेवटची लाट गेली तसे सगळेच गेले. 'कोविड योद्धा' म्हणून प्रमाणपत्र मिळालं, लॅमिनेशन केलेलं. त्यातल्या कितीतरी जणांना साधं अनुभव प्रमाणपत्र मिळवायला नंतर खेटे घालावे लागले. कारण नेमणूक एका कार्यालयाची, पगार दुसऱ्या लेखाशीर्षातून, आणि सेंटर तर बंदच झालेलं. सही करायची कुणी?

एसटीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती या बाजूनं पुन्हा बघा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला संप पेटला. मागणी होती शासनात विलीनीकरणाची, म्हणजे मुळात एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्याची. रस्ता तोच, गाडी तीच, पण महामंडळाचा कर्मचारी आणि राज्य शासनाचा कर्मचारी यांत जो फरक आहे तो पगाराच्या तारखेत दिसतो, हे त्या चालक-वाहकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रशासनानं कारवाई सुरू केली तीही प्रकारवार. कायम असलेल्यांना आधी निलंबन, मग चौकशी, मग बडतर्फीची नोटीस. रोजंदारीवरच्या दोन हजारांहून अधिक जणांना मात्र नोव्हेंबरमध्येच नोटीस गेली की २४ तासांत हजर व्हा, नाहीतर सेवा समाप्त. गुन्हा एकच, मंडप एकच, घोषणा एकच. एकाला महिने मिळाले, दुसऱ्याला एक दिवस. पुढे एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि हजर होणाऱ्यांना परत घ्यायला लावलं, तेव्हा ते प्रकरण निवळलं. मधल्या काळात किती घरांतलं काय काय मोडलं, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

बांधकाम आणि पाटबंधारे खात्यातल्या जुन्या मंडळींना कालेलकर करार आठवत असेल. १९६७ चा. पाच वर्षं सलग काम केलेला रोजंदारी मजूर 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने'वर घ्यायचा. नाव पाहा केवढं लांबलचक, आणि त्यात 'नियमित' आणि 'अस्थायी' शेजारी शेजारी बसलेत! पण त्या विचित्र नावाखाली कालव्यावरचा कितीतरी मैलकामगार, चौकीदार, मुकादम म्हातारपणी पेन्शनचा धनी झाला. १९७१ चा आपल्याच राज्याचा कामगार संघटनांचा कायदा तर आणखी पुढे गेला. बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरत्या कामगारांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवणं, ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे जी गोष्ट करू नये म्हणून याच राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला, तीच गोष्ट त्याच राज्याची खाती 'तांत्रिक खंड' नावानं छापील नमुन्यात करतात. नमुना मी स्वतः भरलेला आहे. त्यात फक्त नाव आणि तारीख बदलावी लागते.

कारखान्यातल्या कामगाराला तरी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा आधार होता. वर्षात २४० दिवस भरले असतील तर काढताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. काम नसल्यामुळे बसवून ठेवलं तर त्या दिवसांचे निम्मे पैसे. १९८४ मध्ये त्यात एक बारीक दुरुस्ती घुसली की मुदतीचा करार संपला म्हणून नोकरी संपली तर ती 'कामगार कपात' धरायची नाही. आपल्याकडचे ११ महिन्यांचे आदेश याच फटीतून चालतात. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली, तरी मुदतीच्या कराराची ही फट बुजलेली नाही.

बाह्यस्रोताच्या माणसाची गत आणखी वेगळी. तो तुमच्या शेजारी बसतो, तुमचीच फाईल टंकतो, पण तो तुमच्या कार्यालयाचा नाही. एजन्सीचा आहे. निविदा संपली, दुसरी एजन्सी आली की त्यानं काय करायचं? बहुतेक वेळा तोच माणूस, तीच खुर्ची, नवं ओळखपत्र, आणि मागच्या एजन्सीकडे अडकलेले दोन महिन्यांचे पैसे. भविष्यनिर्वाह निधीचे हप्ते भरले की नाही ते त्याला यूएएन क्रमांक टाकून बघावं लागतं, आणि भरले नसतील तर कार्यालय म्हणतं एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते कार्यालयानं बिल काढलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला तेव्हा तुम्ही रस्त्यावर आलात, स्पर्धा परीक्षेची मुलंही आली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. चांगलं झालं. पण तो रद्द झाला म्हणून आधीपासून बाह्यस्रोतावर काम करणारा एकही माणूस सुरक्षित झाला नाही, आणि त्यासाठी पुन्हा कुणी रस्त्यावर आलं नाही.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांचं दुखणं ते स्वतःच चांगलं मांडतात. सेट-नेट, पीएच.डी., आणि मानधन तासावर. सत्र संपलं की पैसे संपले. उन्हाळ्याची सुट्टी कायम प्राध्यापकाला सुट्टी, याला बेकारी. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी, कुठल्याही आदेशाशिवाय येणारी सक्तीची बिनपगारी रजा म्हणजे हीच, आणि ती अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चालू आहे.

सगळ्यात तळाशी ज्या आहेत त्यांना तर काढावंही लागत नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७५ पासून 'मानसेवी', म्हणजे पगारावर नाही तर मानधनावर आहेत. ४ डिसेंबर २०२३ ला त्यांनी संप केला, जानेवारी संपत येईपर्यंत चालवला, आणि मध्येच त्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या. गंमत बघा, पगार मागितला की त्या मानसेवी, संप केला की त्यांची 'सेवा' समाप्त करायची. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, ते प्रकरण गुजरातमधलं होतं. आशा स्वयंसेविकेचं तर मोबदल्यावरच सगळं. एखादं काम यादीतून कमी झालं की तिचं उत्पन्न कमी होतं, आणि त्यासाठी तिच्या नावाचा एकही कागद निघत नाही. आस्थापना टेबलावर बसून मी हे शिकले की कागद निघाला तर माणूस निदान भांडू शकतो.

यात आता मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतली मुलंमुली आली. २०२४ मध्ये सुरू झाली. सहा महिने, दरमहा बारावीला ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. पुढे मुदत ११ महिने झाली. कागदावर प्रशिक्षण, प्रत्यक्षात तलाठी कार्यालयापासून शाळेपर्यंत रिकाम्या खुर्च्या भरायची सोय. त्यांना काढलं असं कुणीच म्हणत नाही. प्रशिक्षण पूर्ण झालं म्हणतात.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण तिथं नातेवाईक असलेल्या आपल्यातल्या अनेकांनी ते जवळून ऐकलं. अमेरिकेत १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अंदाजपत्रकाच्या भांडणात केंद्र सरकारचं काम बंद होतं. लाखो कर्मचारी घरी बसले, लाखोंनी बिनपगारी काम केलं. पण तिथं २०१९ पासून कायदा आहे की बंद संपल्यावर कायम कर्मचाऱ्यांचा राहिलेला पगार द्यायचा. त्याच इमारतींत झाडलोट करणारे, पहारा देणारे, उपाहारगृह चालवणारे कंत्राटी लोक त्या कायद्यात बसत नाहीत. त्यांचे दिवस गेले ते गेले. एवढ्या श्रीमंत देशातही रेघ नेमकी तिथंच मारलेली आहे, जिथं आपण मारली.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण मीही ते अनेक वर्षं दिलं आहे. 'आम्ही परीक्षा देऊन आलो. यांना मागच्या दारानं कायम केलं तर अभ्यास करणाऱ्या पोरांनी काय करायचं?' हा प्रश्न खोटा नाही. पुण्यात सदाशिव पेठेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलांचा हक्क मला मान्य आहे. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, की नियमबाह्य नेमणुका सरसकट कायम करता येणार नाहीत. पण त्याच न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला जग्गो प्रकरणात सरकारी खात्यांचे कान उपटले. केंद्रीय जल आयोगात सफाई आणि बागकाम करणारी ती माणसं वर्षानुवर्षं राबत होती, आणि २०१८ मध्ये त्यांना एकाएकी काढून टाकलं होतं. उमादेवीचा निकाल अशा लोकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरू नका, असा त्या निकालाचा सूर आहे. शिवाय आरोग्य अभियानातली बहुतेक पदं जाहिरात, गुणवत्ता यादी, आरक्षण हे सगळं पाळून भरलेली असतात. त्यांना मागचं दार म्हणणं बरोबर नाही.

तरीही कायम करण्याचा वाद मी या पत्रात बाजूला ठेवते. १४ मार्च २०२४ चा, आरोग्य अभियानात दहा वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्या लोकांना पुन्हा संपावर जावं लागलं, तो लढा त्यांचा ते लढतील. माझी मागणी त्याहून लहान आहे आणि म्हणूनच तुम्हाला टाळता येणार नाही अशी आहे. माणूस कायम करायचा की नाही हा धोरणाचा प्रश्न असेल. पण तो घरी कसा पाठवायचा हा रीतीचा प्रश्न आहे, आणि ती रीत आपल्या टेबलावरून चालते.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कविता यादव प्रकरणात सांगितलं की कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ द्यावे लागतील. किती आस्थापना शाखांना हे माहीत आहे? आमच्याकडे एका परिचारिकेचा सातव्या महिन्यात करार संपला आणि 'कामाची आवश्यकता नसल्याने' मुदतवाढ मिळाली नाही. ते वाक्य वर्षानुवर्षं एका आदेशातून दुसऱ्या आदेशात उतरत आलेलं. तिच्या वॉर्डमध्ये कामाची आवश्यकता होती की नव्हती, हे त्या वॉर्डमधल्या रुग्णांना विचारलं असतं तर कळलं असतं. पुढच्या महिन्यात तिथंच दुसरी परिचारिका रुजू झाली, नव्या करारावर.

आपल्यातला कुणी निवृत्त झाला की शाल, श्रीफळ, भाषणं, गटविमा, रजा रोखीकरण, आणि पेन्शनची फाईल सहा महिने आधीच तयार. मी निवृत्त झाले तेव्हा माझाही समारंभ दोन तास चालला. कंत्राटी माणूस जाताना त्याच्याकडून काय घेतात ते तुम्ही पाहिलं असेल. ड्रॉवरची किल्ली, पेन ड्राइव्ह, पासवर्ड. आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल आपल्यातल्या एकाला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून मिळतं. तेव्हा आपण कुरकुरतो, पण कार्यभाराबद्दल. टेबल रिकामं का झालं याबद्दल कुणी निवेदन दिल्याचं मला आठवत नाही.

यात तुमचं काय, असं विचाराल तर तेही सांगते. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं शाळांमधली शिपायांची पदं निवृत्तीबरोबर व्यपगत, म्हणजे रद्द, करून त्याजागी शिपाई भत्ता आणला. ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. पद गेलं, घंटा तेवढीच राहिली, वाजवणारा भत्त्यावर आला. वाहनचालक, शिपाई, सफाई कामगार या पदांचं तुमच्या कार्यालयात काय झालं ते आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, काढून बघा. जातप्रमाणपत्र अवैध ठरलेल्यांना २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयानं अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या जादा, पदांवर ११ महिन्यांच्या आदेशावर आणलं गेलं. त्या प्रश्नाची कायदेशीर बाजू वेगळी आहे आणि त्यात मी पडत नाही. मात्र वीस-पंचवीस वर्षं कायम असलेला माणूसही ११ महिन्यांवर येऊ शकतो, एवढं त्यातून सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या मुलांपैकी जी सरकारी नोकरीत येतील, ती बहुधा याच आदेशांवर येतील.

तर माझं मागणं असं. पुढच्या मागण्यांच्या सनदेत, पेन्शनच्या खाली का होईना, हे लिहा: काम कोणत्याही प्रकारावर असो, वर्षभर काम केलेल्या माणसाला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस आणि त्यात खरं कारण. छापील 'आवश्यकता नसल्याने' चालणार नाही. झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं मानधन. गरोदरपणात किंवा आजारपणात मुदत संपली तर लाभ पूर्ण होईपर्यंत करार चालू. तांत्रिक खंड बंद. बाह्यस्रोताच्या माणसाचे पैसे एजन्सीनं थकवले तर ते कार्यालयानं आधी द्यायचे आणि एजन्सीच्या बिलातून कापायचे. आणि दर जिल्ह्यानं दर वर्षी किती जणांना, कोणत्या प्रकारातून कमी केलं, त्याचा तक्ता प्रसिद्ध करायचा. हा तक्ता तयार करायला एका कनिष्ठ सहायकाला आठवडा पुरेल, हे मी आस्थापनेच्या अनुभवावरून सांगते.

सनद मंजूर व्हायला वर्षं लागतील. तोवर जे आपल्या हातात आहे ते आजपासून करता येतं, त्याला शासन निर्णय लागत नाही. कंत्राटी माणसाचा प्रस्ताव मुदत संपायच्या दोन महिने आधी वर पाठवा, आदल्या दिवशी नको. अनुभव प्रमाणपत्र मागितल्या दिवशी द्या. खंडाच्या दिवशी कुणी कामाला आलं तर त्याला घरी पाठवा, आणि ते जमत नसेल तर हजेरी लावा. संघटनेच्या जिल्हा कार्यकारिणीत कंत्राटी आणि मानसेवी कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी घ्या, मतासह. संघटनेची घटना आड येत असेल तर घटनादुरुस्तीचा मसुदा करून देते, ते काम मला येतं.

माझ्या जुन्या जिल्ह्यातल्या कार्यकारिणीची सभा पुढच्या महिन्यात आहे असं कळलं. निवृत्तांना तिथं बोलता येतं, मत देता येत नाही. ठराव लिहून आणते. सूचक आणि अनुमोदक तुमच्यातले कायम सभासद हवेत, दोनच नावं लागतात.

कळावे,

आपली,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक